आपत्ती नर्सिंगचं ट्रेनिंग : विद्यार्थ्यांच्या प्रेरणा

भूकंप, पूर, चक्रीवादळ, मोठे अपघात, साथीचे रोग, केमिकल किंवा किरणोत्सर्गी गळती अशा वेळी हॉस्पिटलची नेहमीची घडी विस्कटते, पेशंट भरमसाट आणि हात अपुरे अशी अवस्था होते. या अवस्थेत, तिच्या आधीच्या तयारीत आणि नंतरच्या पुनर्वसनात जे नर्सिंग करावं लागतं त्याला आपत्ती नर्सिंग किंवा आपत्ती परिचर्या म्हणतात. नर्सिंग शिकणारी मुलंमुली याचं जादा ट्रेनिंग घ्यायला का पुढे येतात, कशामुळे टिकतात आणि कशामुळे मागे सरतात, एवढाच या नोंदीचा विषय. प्रश्न छोटा वाटतो, पण आपत्तीत बोलावणं गेल्यावर प्रत्यक्ष कोण हजर होणार याचं उत्तर बऱ्याच अंशी इथेच ठरतं.

सुरुवात कुठून धरायची

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जुनी मांडणी क्रिमियन युद्धापासून सुरू होते. १८५४ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात गेल्या, १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईतले जखमी पाहून आंरी द्यूनां हादरले आणि त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली, क्लारा बार्टन यांनी १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस काढली आणि १८८९ च्या जॉन्सटाउनच्या महापुरात ती युद्धाबाहेरच्या मदतकार्यात मोठ्या प्रमाणावर उतरली. या मांडणीप्रमाणे आपत्ती नर्सिंगची प्रेरणा म्हणजे सेवाभाव, आणि तो नर्सिंगइतकाच जुना.

यात एक अडचण आहे. स्कुटारीला गेलेल्या बायका विद्यार्थिनी नव्हत्या. नाइटिंगेल यांचं ट्रेनिंग स्कूल लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सुरू झालं ते १८६० मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, आणि तिथलं शिक्षण वॉर्डातल्या कामाभोवती बांधलेलं होतं. त्यामुळे सेवाभावाची परंपरा नर्सिंगकडे का वळावं हे सांगते, पण नर्सिंग शिकता शिकता हा वेगळा विषय का निवडावा याचं उत्तर तिच्यातून नीट मिळत नाही.

दुसरी मांडणी जपानपासून सुरू होते. १७ जानेवारी १९९५ ला कोबे परिसरात हानशिन-आवाजी भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्या अनुभवातून १९९८ मध्ये जपानमध्ये आपत्ती नर्सिंगची स्वतंत्र अभ्याससंस्था उभी राहिली, २००८ मध्ये जागतिक संस्था झाली. त्याच वर्षी १२ मे ला चीनमध्ये वेन्च्वानचा भूकंप झाला. हा दिवस नाइटिंगेल यांच्या जन्मदिवसाचा, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जाणारा, त्यामुळे नर्सिंगवाल्यांच्या लिखाणात त्याचा उल्लेख वारंवार येतो. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद आणि जागतिक आरोग्य संघटनेचं पश्चिम पॅसिफिक कार्यालय यांनी मिळून आपत्तीत परिचारिकेला काय काय यायला हवं त्याची चौकट काढली. २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात आठ क्षेत्रं आणि तीन पातळ्या धरल्या आहेत. पहिली पातळी प्रत्येक नर्सला लागू, दुसरी संस्थेत आपत्तीची जबाबदारी असणाऱ्यांना, तिसरी बाहेर पाठवायच्या पथकातल्यांना.

दोन्हींमध्ये दुसऱ्या मांडणीला जास्त वजन द्यावं लागतं, कारण विद्यार्थ्यासमोर निवडण्याजोगा स्वतंत्र विषय तिच्या काळातच ठळकपणे उभा राहिला, आणि निवडच नसेल तर निवडीमागची प्रेरणा तपासणार कशी. तरी १९९५ हे आरंभवर्ष म्हणून पक्कं करणं घाईचं होईल. अमेरिकन रेड क्रॉसने १९०९ च्या सुमारास जेन डेलानो यांच्या नेतृत्वाखाली परिचारिकांची राखीव फळी उभी करायला घेतली होती आणि युद्ध किंवा आपत्ती आली की बोलावणं जाईल या अटीवर तिथे नावं नोंदवली जात. म्हणजे बीज आधीचंच, फक्त कॉलेजच्या अभ्यासक्रमात यायला बराच काळ गेला.

प्रेरणांचे प्रकार

विद्यार्थी स्वतः सांगतात ती कारणं ओळखीची आहेत. लोकांच्या उपयोगी पडावं, आपल्याच गावाने किंवा घराने आपत्ती सोसलेली असते आणि तेव्हा हात बांधल्यासारखं झालेलं असतं, करिअरला फायदा होईल, सर्टिफिकेट मिळेल, मैत्रिणी जातायत, वॉर्डाच्या ठरलेल्या कामापेक्षा वेगळं काहीतरी करायचंय, किंवा कोर्सला क्रेडिट आहे म्हणून. शिवाय स्वतःच्या घरच्यांना सांभाळता यावं म्हणून शिकणारेही असतात, आणि हे कारण स्वार्थी समजून दुर्लक्षित करणं बरोबर नाही, कारण घरची काळजी मिटलेला माणूसच ड्युटीवर निर्धास्त उभा राहतो.

ही कारणं लावून दाखवायला मानसशास्त्रातल्या दोनतीन चौकटी वापरतात. डेसी आणि रायन यांचा स्वनिर्धारण सिद्धांत आतून येणारी प्रेरणा आणि बाहेरून लादलेली प्रेरणा यांच्यात पायऱ्या मानतो, आणि आतली प्रेरणा टिकायला स्वायत्तता, जमतंय अशी भावना आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या पाहिजेत असं सांगतो. स्वयंसेवकांसाठी क्लॅरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली प्रश्नावली सहा हेतू धरते : मूल्यं, समज वाढवणं, सामाजिक, करिअर, मनातल्या बोचणीपासून बचाव आणि स्वतःची वाढ. ही प्रश्नावली स्वयंसेवकांसाठी बनलेली आहे आणि विद्यार्थी पूर्ण अर्थाने स्वयंसेवक नसतो, त्याच्यावर मार्क आणि हजेरीचं ओझं असतं, म्हणून ती जशीच्या तशी लावताना जपून लावावी. तिसरी चौकट बांडुरा यांच्या स्व-क्षमतेची, १९७७ ची, म्हणजे "हे काम मला जमेल" हा विश्वास किती आहे ते पाहणारी.

या तिन्हींत स्व-क्षमतेची चौकट या विषयाला सर्वात जवळची दिसते. सेवाभाव माणसाला दारापर्यंत आणतो हे खरंच आहे, पण आत टिकवतं ते "मला काय करायचंय ते मला माहितेय आणि ते मला येतं" हे.

मोजायचं काय

इथे एक तांत्रिक भेद नीट समजून घ्यावा लागतो, नाहीतर सगळेच निष्कर्ष घसरतात. आपत्तीत येण्याची तयारी, म्हणजे इच्छा, आणि येणं शक्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ मध्ये न्यू यॉर्क परिसरातल्या ४७ संस्थांमधल्या सहा हजारांवर आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली (हे नोकरीतले लोक होते, विद्यार्थी नव्हते, तरी भेद स्पष्ट व्हायला उपयोगी), तिच्यात हिमवादळात यायची इच्छा ८० टक्क्यांची होती पण पोचणं शक्य होईल असं ४९ टक्केच म्हणाले, उलट सार्ससारख्या साथीत पोचणं ६४ टक्क्यांना शक्य वाटत होतं पण इच्छा ४८ टक्क्यांचीच. एकगठ्ठा जखमी येणाऱ्या घटनेत मात्र इच्छा ८६ टक्के होती. रस्ता बंद असणं आणि मन बंद असणं हे एकाच आकड्यात कोंबलं की दोन्ही दिसेनासे होतात. विद्यार्थ्यांनाही "तुम्ही प्रेरित आहात का" असा एकच प्रश्न विचारून उपयोग नाही, कसली आपत्ती, घरी कोण आहे, मास्क आणि गाऊन मिळणार का, हे विचारल्याशिवाय आलेलं उत्तर हवेत राहतं.

दुसरी पाहणी २००६ ची, अमेरिकेतल्या मेरिलँडची, स्थानिक सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांची. इन्फ्लुएन्झाची महासाथ आली तर जवळजवळ निम्मे कामावर येण्याची शक्यता कमी असं दिसलं, आणि येणाऱ्यांना न येणाऱ्यांपासून वेगळं करणारी सगळ्यात ठळक गोष्ट होती आपल्या कामाला त्यावेळी महत्त्व आहे ही भावना. ट्रेनिंग देणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवं. बहुतेक प्रश्नावल्या विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं टिपतात, आणि शांत वर्गात बसून "हो, मी जाईन" म्हणणं वेगळं आणि प्रत्यक्ष जाणं वेगळं, तेव्हा अशा उत्तरांना इच्छा म्हणावं, वर्तन म्हणू नये.

ड्रिलमध्ये काय घडतं

प्रेरणा घडते किंवा मोडते ती बऱ्याचदा मॉक ड्रिलमध्ये. स्टार्ट नावाची ट्रायाज पद्धत, म्हणजे कोणाला आधी उपचार द्यायचे ते रंगीत टॅग बांधून ठरवण्याची रीत (लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा थोडं थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला), कॅलिफोर्नियात १९८३ च्या आसपास बनलेली, अनेक ठिकाणी शिकवतात. चालू शकणाऱ्याला बाजूला पाठवायचं, त्याला हिरवा टॅग. मग एकेकाजवळ गुडघे टेकून श्वास पाहायचा, मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल, मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल, साधी सूचना पाळता येत नसेल तर लाल, हे सगळं ठीक असेल तर पिवळा. श्वासच नसेल तर श्वासमार्ग मोकळा करायचा, श्वास सुरू झाला तर लाल, नाही झाला तर काळा टॅग बांधायचा आणि पुढे सरकायचं. एका पेशंटला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ. वॉर्डात हाच पेशंट असता तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय आणि श्वास चालू ठेवण्याचे प्रयत्न, सुरू झाला असता, इथे हात आवरून उठायचं असतं, आणि विद्यार्थ्याचा हात अडतो तो नेमका काळ्या टॅगपाशी.

इथून वाटा फुटतात. कुणाला ड्रिलनंतर कळतं की नियम माहीत असला की घाबरलेल्या डोक्यालाही धरायला काहीतरी असतं, आणि ते पुढचं ट्रेनिंग मागतात. कुणाला कळतं की हे आपल्याला पेलणारं नाही, आणि हेही उपयोगीच आहे, त्याला अपयश म्हणून नोंदवू नये. ड्रिलनंतर शिक्षकाने बसवून नीट बोलून घेतलं नाही तर मात्र चांगला तयार झालेला विद्यार्थीही तो काळा टॅग मनात घेऊन घरी जातो आणि पुन्हा नाव देत नाही.

मागे सरण्याची कारणं

संसर्ग आपल्यामार्फत घरी जाईल ही भीती, संरक्षक साधनांची खात्री नसणं, लहान मूल किंवा म्हातारी माणसं सांभाळायला दुसरं कोणी नसणं, आणि विद्यार्थ्याची भूमिकाच धूसर असणं. शेवटचं सगळ्यात सहज सुधारता येण्यासारखं आहे आणि तरी तिकडेच लक्ष कमी जातं. विद्यार्थी अजून नोंदणीकृत नर्स नसतो, त्याने औषध द्यायचं का, कोणाच्या देखरेखीखाली, चूक झाली तर जबाबदार कोण, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर ऐनवेळी तो पाणी वाटण्यापुरता उरतो. २०२० मध्ये कोविडच्या लाटेत ब्रिटनमधल्या नर्सिंगच्या नियामक परिषदेने तातडीचे नियम काढून शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांना स्वेच्छेने जादा क्लिनिकल काम पत्करण्याची मुभा दिली, तेव्हा भूमिका, पगार आणि देखरेख हे तिन्ही प्रश्न एकदमच समोर आले.

अभ्यासक्रमातली जागा

२०१९ ची चौकट पहिली पातळी प्रत्येक नर्सला लागू करते, त्यामुळे मूलभूत भाग ऐच्छिक न ठेवता सगळ्यांना शिकवावा हा विचार जोर धरतोय. तसं झालं तर आवडीचा प्रश्न वरच्या दोन पातळ्यांपुरता उरेल. सक्तीने बाहेरची प्रेरणा वाढते आणि आतली मरते असा आक्षेप यावर घेतात, तो अगदीच चुकीचा नाही. पण आधी कधी हातच न लावलेल्या कामाची ओढ लागावी कशी हाही तितकाच खरा प्रश्न आहे, आणि पहिल्या वर्षापासून थोडं थोडं, प्रत्यक्ष टॅग हातात देऊन शिकवलं तर निदान निवड करणाऱ्याला आपण काय निवडतोय ते ठाऊक असतं. पथकासाठी नाव देताना घरच्यांची सोय काय केली आहे हेही फॉर्मवरच विचारून घ्यावं, त्याला वेगळा तास लागत नाही.