सप्तकेतर स्वरलेखन

सप्तकेतर स्वरलेखन : ज्या स्वररचनेत षड्जाच्या वारंवारतेच्या दुपटीवर, म्हणजे तार षड्जावर, स्वरांची पुनरावृत्ती होत नाही, तिच्यातील संगीत लिहून ठेवण्याच्या पद्धती. अशा रचनांत पुनरावृत्ती तिपटीवर किंवा अन्य एखाद्या पटीवर होते, अथवा मुळीच होत नाही. लगतच्या स्वरांमधील अंतरेही रूढ बारा स्वरांच्या अंतरांहून निराळी असतात. या अंतरांचे माप सेंटमध्ये देतात. एक सप्तक म्हणजे १२०० सेंट.

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू देतात. यातील रेघा स्वराची जागा बदलतात. बिंदू मात्र स्वराचे नाव तेच ठेवून त्याची वारंवारता दुप्पट किंवा निमपट करतो. बारा स्वरांऐवजी बावीस श्रुती (सप्तकाचे सूक्ष्म स्वरभाग) लिहायच्या तर रेघांच्या जोडीला आणखी खुणा घेता येतात व बिंदूला धक्का लागत नाही. सप्तकेतर रचनेत बिंदूच निरर्थक ठरतो. त्यामुळे श्रुतिलेखन आणि सप्तकेतर लेखन हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ते वेगळे ठेवणे अगत्याचे आहे.

भारतीय परंपरेत दुपटीचे तत्त्व केव्हा स्पष्ट झाले, यावर मतभेद संभवतात. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकरा’त हृदयातील मंद्र, कंठातील मध्य आणि मूर्धेतील (मस्तकातील) तार ही तीन स्थाने ‘उत्तरोत्तर द्विगुण’ असल्याचे सांगतो. हे विधान निःसंदिग्ध आहे. ‘नाट्यशास्त्रा’चा काळ साधारणपणे इसवी सनाच्या आगेमागे काही शतके असा ढोबळमानाने धरतात. त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात चल (स्वर उतरवत नेण्याची) व अचल (स्वर तसेच ठेवण्याची) अशा दोन वीणांवरील चार सारणा, म्हणजे स्वर एकेका श्रुतीने उतरवण्याच्या पायऱ्या, वर्णिल्या आहेत. दुपटीचा गुणोत्तर म्हणून तेथे उल्लेख नाही, तरी तिची गरज भासते. चौथ्या सारणेत चलवीणेचे पंचम, मध्यम व षड्ज हे अचलवीणेच्या अनुक्रमे मध्यम, गांधार व निषादात मिळतात. षड्ज चार श्रुतींनी उतरून ज्या निषादाला मिळतो, तो खालच्या सप्तकाचा असला पाहिजे. वीणा सात तारांची मानली, तर तो निषाद तिच्यावर प्रत्यक्ष नसतो. वरचा निषाद ऐकूनच खालचा ताडावा लागतो. म्हणजे दुपटीवरचा स्वर ‘तोच’ असतो, ही जाणीव त्या प्रयोगात गृहीत आहे. तारांची संख्या जास्त मानणाऱ्यांना हा निष्कर्ष बंधनकारक नाही. तथापि ग्रंथाच्या एकूण रोखाशी तो अधिक जुळतो.

श्रुती समान की असमान, हा याला लागूनच असलेला वाद. विष्णू नारायण भातखंडे यांच्या मते प्राचीन ग्रंथकार श्रुती समान मानत, कृ. ब. देवल (१९१०) व ई. क्लेमंट्स (१९१३) यांनी भिन्न गुणोत्तरांच्या असमान श्रुती मांडल्या. श्रुती समान धरल्यास प्रत्येकी सुमारे ५४.५ सेंटची होते. दोन्ही पक्षांत बावीस श्रुतींची बेरीज दुपटीइतकीच येते. सप्तकाबद्दल कोणाचाच आक्षेप नव्हता.

या चर्चेत बडोद्याचे स्थान मोठे आहे. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढली व स्वतःच्या लेखनपद्धतीतून शिक्षण दिले. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. श्रुतींचा प्रश्न तेथे चर्चिला गेला. त्याच वर्षी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. तिच्यात अभिनवगुप्ताच्या टीकेसह ‘नाट्यशास्त्र’ छापले गेले. पहिला खंड १९२६ मध्ये आणि संगीताचे अध्याय असलेला चौथा खंड १९६४ मध्ये निघाला. गायनशाळेतून वाढलेली संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची एक विद्याशाखा आहे.

सप्तकेतर रचनांपैकी लेखनाच्या दृष्टीने सर्वांत विकसित झालेली रचना म्हणजे बोलेन–पीअर्स. हाइन्त्स बोलेन (१९७२), केस व्हान प्रोइयेन (१९७८) आणि जॉन पीअर्स (१९८४) यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. हिच्यात तिपटीचे, म्हणजे सुमारे १९०२ सेंटचे अंतर तेरा समान पायऱ्यांत विभागतात; एक पायरी सुमारे १४६.३ सेंटची. तानपुऱ्यावर खर्जाची (मंद्र षड्जाची) तार एकटी छेडावी. जवारी (घोडीवर तार टेकते तेथील घडण) चांगली असेल तर तिच्या नादात मध्य सप्तकातील पंचम ऐकू येतो. खर्जापासून त्या पंचमापर्यंतचे अंतर हीच तिप्पट.

आता हे सरगमीत लिहून पाहावे. खर्जाच्या षड्जाला शून्य मानले, तर सहावी पायरी मंद्र शुद्ध धैवताच्या जवळ येते (८७८ सेंट, ५:३ या गुणोत्तराचा धैवत ८८४ सेंटवर). आठवी पायरी मध्य षड्जाहून तीस सेंटनी उतरलेली, म्हणजे कानाला सरळ बेसूर षड्ज. दहावी पायरी मध्य रिषभ आणि कोमल गांधार यांच्या दरम्यान पडते. तेरावी पायरी म्हणजे मध्य पंचम, आणि तेथून रचना पुन्हा सुरू होते. या दुसऱ्या फेरीतील सहावी पायरी तार गांधाराजवळ येते. म्हणजे रचनेच्या दृष्टीने जो एकच स्वर, तो एकदा ‘ध’ आणि एकदा ‘ग’ असा लिहावा लागतो. उलट ‘ध’वर बिंदू द्यावा, तर रचनेत नसलेलाच स्वर वाचला जातो. सरगमीची अक्षरे येथे उसनी घेऊ नयेत, याचे कारण हेच.

पाश्चात्त्य पद्धतीत या रचनेच्या लॅम्डा नावाच्या नऊ स्वरी मेळाला सी, डी, ई, एफ, जी, एच, जे, ए, बी अशी नावे देतात. सहा ओळींचा पटही वापरात आहे. नागरीत लिहिताना पायऱ्यांचे अंक आणि फेरीची वेगळी खूण हा मार्ग अधिक निर्दोष दिसतो. रचनेचा मूळ त्रिस्वरमेळ (३:५:७) मग ०, ६, १० असा नेमका लिहिता येतो. बिंदू दुपटीसाठीच राखून ठेवावा.

वाद्याची घडण येथे लेखनाला साहाय्य करते. क्लॅरिनेटची नळी दंडगोलाकार असते. फुंकीचा वरचा पल्ला घेतला की त्याच बोटांवर स्वर तिपटीने चढतो. शंक्वाकृती शहनाईत तो दुपटीने चढतो. टोरांटोचे स्टीफन फॉक्स यांनी बोलेन–पीअर्स क्लॅरिनेट तयार केली असून तिच्यावर फेरीची खूण आणि बोटांची जागा यांचा मेळ आपोआप बसतो.

जर्मन संगीतकार कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेन यांच्या ‘श्टूडिए २’ (१९५४) या इलेक्ट्रॉनिक कृतीमध्ये पाचपटीचे पंचवीस समान भाग करून ८१ स्वर घेतले आहेत. पाचपट म्हणजे तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या (स्वयंभू) गांधाराचे खर्जापासूनचे अंतर. तेथे स्वरनावे नाहीतच. वरच्या पट्टीत १०० ते १७,२०० हर्ट्झपर्यंतच्या वारंवारता चौकटींनी, मध्ये ध्वनिफितीची लांबी सेंटिमीटरमध्ये (सेकंदाला ७६.२) आणि खाली नादाची तीव्रता दाखवली आहे. अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांच्या आल्फा (७८ सेंट), बीटा (६३.८) व गॅमा (३५.१) या रचनांत षड्ज–पंचम अंतराचे अनुक्रमे नऊ, अकरा व वीस भाग पडतात.

संगणकावर ‘स्काला’ प्रणालीची फाइल वापरतात. हिच्यात पहिला स्वर लिहीत नाहीत, तो गृहीत असतो. पुढे एकेका ओळीत एकेक स्वर सेंटमध्ये किंवा गुणोत्तरात येतो, आणि शेवटची ओळ पुनरावृत्तीचे अंतर सांगते. सप्तकी रचनेत तेथे २/१ असते, बोलेन–पीअर्समध्ये ३/१.