पाच वर्षांखालच्या लेकरासाठी खोकल्याचं सिरप मागण्याआधी
(आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

घरात लहान मूल असलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या पिशवीत आम्ही हे पत्रक घालतो आहोत. पाच वर्षांखालच्या मुलासाठी सर्दी-खोकल्याचं सिरप आमच्या काउंटरवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री दवाखाने बंद झालेले असतात, लेकरू खोकून खोकून रडकुंडीला आलेलं असतं आणि नेमका तेव्हाच दुकानदार नाही म्हणतो. राग येणारच. म्हणून कारण नीट लिहून देतो आहोत.

सप्टेंबर-ऑक्टोबर 2025मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-तापाने आजारी पडलेल्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. छिंदवाड्याचा पेशंट गंभीर झाला की त्याला नागपूरलाच आणतात. त्यामुळे यातली बरीच मुलं आपल्याच शहरातल्या रुग्णालयांत उपचार घेत होती. वीसहून अधिक मुलं दगावली, त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचं सिरप दिलं गेलं होतं. तमिळनाडूतल्या कांचीपुरमच्या स्रेसन फार्मा कंपनीत ते तयार झालं होतं. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने एसआर-13 ही बॅच तपासली, तेव्हा तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं. मर्यादा आहे 0.1 टक्का. म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मं विषच होतं.

हे विष सिरपमध्ये येतं कुठून? पॅरासिटामॉलसारखी औषधं पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल घालतात. औषधी दर्जाचे हे पदार्थ ठरलेल्या प्रमाणात सुरक्षित असतात. पण कारखान्यांसाठी विकलं जाणारं ग्लायकॉल स्वस्त पडतं, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असू शकते. हा पदार्थ मुळात ब्रेक ऑइल, रंग, शाई अशा कामांसाठी वापरतात. तो पारदर्शक, घट्टसर आणि चवीला गोड असतो, त्यामुळे वासावरून किंवा चवीवरून तो आम्हालाही ओळखता येत नाही आणि तुम्हालाही येणार नाही. बाटलीचं सील शाबूत असलं तरी आतल्या मालाची खात्री पटत नाही. प्रत्येक लॉटचा कच्चा माल आणि तयार औषध प्रयोगशाळेत तपासणं हाच एक उपाय आहे, आणि ते काम कंपनीचं आहे. पोटात गेल्यावर या पदार्थापासून शरीरात डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं आणि ते मूत्रपिंडाच्या पेशी मारतं. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी कमी, मग बंद. लहान मुलाचं वजनच एवढंसं असतं की त्याला थोडं विषही पुरतं.

आम्हाला सगळ्यात जास्त सलतं ते हे की हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत 1937 साली याच पदार्थात विरघळवलेल्या सल्फाच्या (जंतुसंसर्गावरच्या) औषधाने शंभरहून अधिक लोक मेले आणि पुढच्याच वर्षी तिथे कडक कायदा आला. आपल्या महाराष्ट्रात 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. 2020च्या सुरुवातीला जम्मूतल्या रामनगर भागात पुन्हा मुलं गेली. 2022मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात मुलं दगावली, तेव्हाही सिरप भारतात बनलेलं होतं. औषधाच्या धंद्यात असल्याने या यादीची आम्हाला लाज वाटते, आणि ती इथे थांबावी म्हणून आमच्या हातात जेवढं आहे तेवढं आम्ही करणार.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 3 ऑक्टोबर 2025 रोजी सूचना काढली. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा ती देऊ नयेत, असं तीत म्हटलं आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीवरच्या औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांसाठी वापरू नये, हे तर डिसेंबर 2023मध्येच सांगितलं गेलं होतं. कोल्ड्रिफमध्ये ही दोन्ही औषधं होती. त्यामुळे भेसळीचा विषय घटकाभर बाजूला ठेवला, तरी चांगल्या कंपनीचं शुद्ध सिरपसुद्धा इतक्या लहान मुलाला सहसा द्यायचं नसतं. त्याने सर्दी लवकर बरी होत नाही. मूल गुंगीत राहतं, आणि आईवडिलांना वाटतं की आराम पडला.

आणखी एक गोष्ट काउंटरवर वारंवार दिसते. सर्दीच्या अनेक सिरपमध्ये आधीच पॅरासिटामॉल असतं. घरी तापाचं वेगळं पॅरासिटामॉल चालू असतं, आणि दोन्ही मिळून डोस दुप्पट होतो. याचा त्रास यकृताला होतो. दोन बाटल्या एकाच वेळी देण्याआधी त्या आम्हाला दाखवा, आम्ही आतले घटक वाचून सांगू. माप बाटलीसोबतच्या टोपीने किंवा ड्रॉपरने घ्या, घरातल्या चमच्याने नको. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्याला देणं तर पूर्ण बंद करा.

मग लेकराला द्यायचं काय? सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. खोकला त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. अंगावरचं दूध चालू असेल तर ते वरचेवर पाजा. मोठ्या मुलाला कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज द्या. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी घाला. वर्ष उलटलेल्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावर चाटवायलाही नको. त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आजी-आजोबांना हे पटवणं अवघड जातं, ठाऊक आहे, तरीही पटवा. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर असलेला बाम चोळू नका, आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लहान मुलाला वाफ देऊ नका. भाजण्याचा धोका असतो.

दमा किंवा दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी नेमून दिलेलं औषध मात्र बातम्या वाचून बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी धावायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास असतील तर थांबू नका. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, ओठ निळसर पडणं, दूध-पाणी न घेणं, मूल सुस्त पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तरीही तसंच. कुठलंही सिरप दिल्यानंतर उलट्या सुरू झाल्या किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि औषधाची बाटली सोबत न्या. उपचार लवकर सुरू होण्यासाठी ती बाटली फार महत्त्वाची ठरते.

आता आमच्या बाजूचं. मुलांच्या प्रत्येक पातळ औषधाचं बिल आम्ही देतो आणि त्यावर बॅच नंबर असतो. ‘बिल राहू द्या’ म्हणू नका. एखादी बॅच परत बोलावली गेली तर ती कोणाच्या घरी गेली हे त्या बिलावरूनच कळतं. औषध संपेपर्यंत बिल जपून ठेवा आणि बाटलीवरचं लेबल फाडू नका. घरात जुनं सिरप पडलं असेल आणि शंका असेल तर ते मुलाला न देता दुकानात आणा. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2025मध्ये कोल्ड्रिफसोबत रेस्पीफ्रेश टीआर आणि रीलाइफ या सिरपच्या दूषित बॅचबद्दलही इशारा दिला होता. यांतली कोणतीही बाटली सापडली तर ती फेकून देण्याआधी आम्हाला दाखवा, किंवा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला 1800222365 या टोल फ्री क्रमांकावर कळवा.