जी_ऑटोपीटीआर ऑब्जेक्ट मारत नाही

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात नवीन येणारी बहुतेक मुलं हेच ऐकून आलेली असतात: ‘सी भाषेत पॉइंटरला जी_ऑटोपीटीआर (g_autoptr) लावलं की ऑब्जेक्ट आपोआप फ्री होतो, म्हणजे त्याची मेमरी मोकळी होते.’ तसं नाही हो! २०१५ साली जीलिब (सी भाषेची एक लायब्ररी) २.४४ मध्ये आलेला हा मॅक्रो जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांच्या क्लीनअप ॲट्रिब्यूटवर, म्हणजे व्हेरिएबल संपताना ठरलेलं फंक्शन चालवायच्या सोयीवर, चालतो. व्हेरिएबल स्कोपबाहेर, म्हणजे आपल्या ब्लॉकबाहेर, गेलं की तो एकदा अनरेफ करतो, म्हणजे ऑब्जेक्ट किती ठिकाणी धरलाय तो रेफरन्स काउंट एकाने कमी करतो, बस. काउंट २ असेल तर १ उरतो, ऑब्जेक्ट जिवंतच राहतो. दोन ऑब्जेक्ट एकमेकांचा रेफरन्स धरून बसले, तर मेमरी अडकलीच. मागून कचरा उचलायला कुणी येत नाही. आणि तोच पॉइंटर रिटर्न करायचा असेल, तर जी_स्टील_पॉइंटर (पॉइंटर काढून देऊन व्हेरिएबल रिकामं करणारा) विसरू नका. विसरलात आणि काउंट १ असेल, तर कॉल करणाऱ्याच्या हाती मेलेला पत्ता पडतो.