लोखंड जुळतं, अडतं ते नळ्या-तारांवर

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, दोन्हींत एकाच आकारमानाचं इंजिन. फरक इतकाच, की एक कडक प्रदूषण-नियमांसाठी बनली आणि दुसरी त्याआधीच्या सैल नियमांसाठी. माउंटिंग जुळतात, गिअरबॉक्सचे बोल्ट जुळतात, त्यामुळे एकीचं इंजिन दुसरीत बसवणं दोन दिवसांचं काम वाटतं. बसवण्यापुरतं ते तसं असतंही. मग इंजिन सुरू होतं आणि डॅशबोर्डवरचा ‘चेक इंजिन’ दिवा विझायला तयार नसतो.

कारण ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, लोखंड दिसत नाही, त्याला दिसतात सेन्सरकडून येणारे व्होल्टेज. म्हणून बदलीचं इंजिन आणायचं ते हेडसकट नुसता ब्लॉक समजून. त्याच्यावरचं इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, इंजेक्टर, सेन्सर, वायरिंग सगळं उतरवायचं आणि गाडीच्या जुन्या इंजिनावरचं त्याच जागी चढवायचं. दुसरा मार्ग म्हणजे आलेल्या इंजिनाचा ईसीयू, पूर्ण वायरिंग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळणारा डबा) आणि इंधनटाकीतली पेट्रोलची वाफ अडवून इंजिनाकडे नेणारी बाष्पयंत्रणाही सोबत आणणं. त्यात इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं कुलूप) आडवा येतो, म्हणून हा मार्ग क्वचितच परवडतो. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असा तिसरा मार्ग बरेच जण धरतात आणि तिथेच फसतात.

इंजिन अजून जमिनीवर असतानाच पाहायची पहिली गोष्ट म्हणजे क्रँकची दातेरी चकती, जिच्यावरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. काहींवर ६० दात्यांची जागा असून २ दाते गाळलेले असतात, काहींवर ३६ पैकी १. पहिल्या प्रकारात एक दाता म्हणजे ६ अंश, दुसऱ्यात १०. चकती वेगळी असेल तर स्टार्टर फिरत राहतो, ठिणगी पडत नाही. दात्यांची संख्या तीच पण गाळलेल्या दात्याची जागा वेगळी असेल, तर प्रकरण जास्त फसवं: इंजिन कदाचित चालूही होईल, पण टायमिंग सरकलेलं असल्यामुळे ओढ नाही किंवा चढावर ठोके (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठणठणाट). शक्य तिथे चकतीही जुनीच वापरावी. कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी यंत्रणा एका इंजिनाला असून दुसऱ्याला नसेल, तर मात्र ते इंजिन ‘सारखं’ नाहीच. दुसरं शोधणं स्वस्त पडतं.

सगळ्यात जास्त घोळ ईजीआरचा, म्हणजे एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेचा. जळून गेलेला थोडा वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला, की तो स्वतः जळत नाही, नुसती उष्णता शोषतो. नायट्रोजन ऑक्साइड झपाट्याने तयार होतात ते सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणून ज्वाळेचं शिखर-तापमान उतरलं की तेही घटतात. पण असं पातळ झालेलं मिश्रण सावकाश जळतं, त्यामुळे ईजीआर उघडताना ईसीयू ठिणगी लवकर पाडतो. आता आलेल्या हेडला ईजीआरची वाटच नाही असं समजा. ईसीयू ठिणगी लवकर पाडणार, मिश्रण मात्र नेहमीच्या वेगाने जळणार, म्हणजे ठोके बसणार. शिवाय प्रवाह अपुरा असल्याचा पी०४०१ हा दोष-कोड येतोच, कारण व्हॉल्व्ह उघडल्यावर मॅनिफोल्डमधला दाब वाढला का हे ईसीयू तपासतो. काही हेडच्या ओतीव कामात ही वाट असते, पण शेवटचं छिद्र पाडलेलं नसतं. दोन्ही हेड शेजारी ठेवून खात्री केल्याशिवाय ड्रिल लावू नये, पाण्याचं जॅकेट फार लांब नसतं. उलटी परिस्थिती सोपी आहे. गाडीला मुळात ईजीआर नव्हता आणि इंजिनाला आहे, तर त्या तोंडावर पोलादी पट्टी आणि गॅस्केट लावून ते बंद करायचं. ईसीयूचा हिशेब आधीपासूनच ईजीआरशिवायचा असतो.

ऑक्सिजन सेन्सरचंही असंच. साधा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होतो आणि पेट्रोलच्या १ भागाला हवेचे १४.७ भाग या प्रमाणाभोवती मिश्रण धरून ठेवतो. रुंद पल्ल्याच्या सेन्सरची भाषाच वेगळी, त्याला पाच किंवा सहा तारा असतात. कनेक्टर कापून एकाच्या जागी दुसरा जोडणं व्यर्थ. धागा दोघांचाही बहुतेक वेळा १८ मिलिमीटर, दीड पिचचाच असतो, म्हणून बसतो मात्र बिनतक्रार! एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल तर धुराच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ‘पेट्रोल कमी’ सांगतो आणि ईसीयू गरज नसताना ते वाढवतो. मग मायलेज घसरतं. साधा सिलिकॉन सीलंट इथे वापरू नये, त्याची वाफ सेन्सर निकामी करते.

बारीक वाटणाऱ्या दोन गोष्टी. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर गाडीचाच ठेवा. दिसायला सारख्या सेन्सरांचा रोध वेगळा असू शकतो, आणि तापलेलं इंजिन ईसीयूला थंड भासलं तर पेट्रोल जास्त जात राहतं. ठोके ऐकणाऱ्या नॉक सेन्सरखाली वॉशर नको. मधून बोल्ट जाणाऱ्या प्रकाराला साधारण २० न्यूटन-मीटर कसणी लागते. ढिला राहिला तर तो बहिरा होतो.

इंजिन चढवण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या पलीकडे असेल तर ते इंजिन नको. ते तेल खात असेल तर तेलातला फॉस्फरस कन्व्हर्टरवर थर धरतो आणि काही महिन्यांत कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड उभा राहतो. दोष इंजिनाचा, बदलला जातो कन्व्हर्टर. बॉनेटखालच्या लेबलवर व्हॅक्यूम नळ्यांचा नकाशा असतो, त्याचा आणि जुन्या इंजिनावरच्या प्रत्येक नळीचा फोटो आधीच काढून ठेवा. कॅनिस्टरची (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) पर्ज नळी, म्हणजे ती वाफ इंजिनात नेणारी नळी, चुकीच्या तोंडाला लावली की आयडलिंग डगमगतं आणि त्याचं मूळ शोधायला इंजिन बसवण्याइतकाच वेळ जातो.

कायद्याच्या नजरेत बहुधा गाडीचं वर्ष मोजलं जातं, इंजिनाचं नाही. कॅलिफोर्नियात तर इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं असावं लागतं आणि त्याची सगळी प्रदूषण-यंत्रणा सोबत यावी लागते.

काम झाल्यावर कोड पुसून लगेच प्रदूषण-तपासणीला जाऊ नये. पुसताना ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि त्या अपूर्ण असल्या तर गाडी परत पाठवली जाते. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, नाहीतर बाष्पगळतीची चाचणी सुरूच होत नाही. रात्रभर गाडी उभी, सकाळी थंड इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटं आयडल, मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०-९० किलोमीटरने दहा मिनिटं, आणि अधूनमधून ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरून पाय काढून वेग उतरू द्यायचा. हे दोन-तीन दिवस करा आणि स्कॅनरवर दीर्घकालीन फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू मूळ हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, बघा. तो उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत स्थिरावला तर हवा, पेट्रोल आणि सेन्सर यांचं जमलं आहे. अधिक १५-२० कडे सरकत असेल तर सगळ्यात आधी इनटेकच्या गॅस्केटवर आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगवर संशय घ्या.