हिवाळी गिर्यारोहणाचा हलका तंबू

बर्फाळ डोंगरात पाठीवरून नेता येईल इतका हलका आणि तिथल्या वाऱ्यात रात्रभर उभा राहील इतका भक्कम असा कापडी निवारा. बाजारात त्याला ‘फोर सीझन’ तंबू म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण मे महिन्याच्या उन्हात याच तंबूत जीव गुदमरतो. तो खरा एकाच ऋतूसाठी बनवलेला असतो.

हा तंबू ऊब देतो हा सर्वांत मोठा गैरसमज. ऊब मिळते ती स्लीपिंग बॅगमधून आणि अंगाखालच्या मॅटमधून. तंबूने वारा अडवायचा, भुरभुरणारा बर्फ बाहेर ठेवायचा, छतावर साचलेल्या बर्फाचे ओझे पेलायचे आणि माणसांच्या श्वासाची वाफ बाहेर जाऊ द्यायची. या चार कामांत कसूर न होता जितके वजन उतरवता येईल तितके उतरवणे म्हणजे हलक्या तंबूची निवड. दुकानात शिरल्याशिरल्या वजनाचा आकडा विचारणारा गिर्यारोहक शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारत असतो.

पूर्वपीठिका

मॅटरहॉर्नवर 14 जुलै 1865 रोजी पहिली चढाई करणाऱ्या एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाने त्याआधीच्या आल्प्समधल्या मोहिमांत स्वतःचा तंबू तयार केला होता. दोन टोकांना काठ्यांच्या दोन कैच्या, वर दोर आणि भिंतींना शिवूनच टाकलेली जमीन अशी त्याची रचना होती. जमीन शिवून घेणे आज क्षुल्लक वाटेल, पण खालून घुसणारा वारा आणि बर्फ त्यामुळेच थांबला. त्याचे वजन सुमारे दहा किलो होते, म्हणजे तो वाहायला वेगळा हमाल लागे.

अल्बर्ट ममेरी यांनी हे गणित उलटे मांडले. हमाल नको आणि वेगळ्या काठ्याही नकोत, हातातल्या बर्फकुऱ्हाडी, म्हणजे आइस अ‍ॅक्सच खांब म्हणून उभ्या करायच्या. कापड पातळ, उंची बसण्यापुरती आणि वजन दोन किलोंच्याही आत. 1888 साली कॉकेशसमधील दिख-ताऊ शिखर सर करणारे आणि 1895 मध्ये नंगा पर्बतवर प्राण गमावणारे ममेरी हे हलक्या चढाईचे आद्य पुरस्कर्ते. जे सामान हाताशी आहेच त्याच्याकडूनच दुसरे काम करून घ्यायचे हा त्यांचा विचार आजही जुना झालेला नाही. ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे आजचे पिरॅमिड तंबू त्याच कुळातले.

ध्रुवीय प्रदेशात वेगळी परंपरा वाढली. बांबूंवर उभारलेला, जड पण अतिशय स्थिर असा पिरॅमिड तंबू तिथे रुळला. दक्षिण ध्रुवावरून परतणारे ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे दोन सहकारी मार्च 1912 च्या सुमारास ज्या तंबूत मरण पावले, तो 12 नोव्हेंबर 1912 रोजी शोधपथकाला बर्फात बुडालेला पण उभाच सापडला. अंटार्क्टिकात हा आकार अजून वापरात आहे.

पुढच्या दोन टप्प्यांनी आजचा तंबू घडला. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटाकार रचनांवरून स्फूर्ती घेऊन द नॉर्थ फेस कंपनीने 1975 मध्ये ‘ओव्हल इन्टेन्शन’ हा जिओडेसिक तंबू आणला. वाकवलेले पोल एकमेकांना अनेक जागी छेदून गेल्यामुळे छताचा कोणताही भाग आधाराविना राहत नाही. लगोलग 1976 मध्ये अर्ली विंटर्स या अमेरिकन कंपनीने गोअर-टेक्स या, पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचा एकपदरी तंबू विक्रीस काढला आणि दुसऱ्या पदराचे वजन टाळण्याची वाट खुली झाली.

वारा, बर्फ आणि आकार

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समुद्रसपाटीवर ताशी 50 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे 12 किलोवजनाइतका दाब देतो, ताशी 100 किलोमीटरचा वारा सुमारे 48 किलोंचा. वेग दुप्पट, दाब चौपट. पाच हजार मीटर उंचीवर हवा विरळ होऊन तिची घनता साठ टक्क्यांवर येते, त्यामुळे तोच वारा तिथे कमी रेटतो. पण तिथले वारे मुळातच जोराचे, म्हणून ही सूट फार कामाची नाही.

वाऱ्याने तंबू नेला तर काय होते याचे अंगावर काटा आणणारे उदाहरण जुलै 1911 मधले आहे. अंटार्क्टिकातल्या भर हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत, स्कॉट यांच्याच मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझिअरला गेले होते. वादळाने त्यांचा तंबू उचलला. दगडांच्या आडोशावर ताणलेले छतही फाटून गेले आणि तिघे उघड्यावर स्लीपिंग बॅगेत पडून राहिले. वादळ ओसरल्यावर तंबू उताराखाली अर्ध्या मैलावर, मिटलेल्या छत्रीसारखा पडलेला सापडला. परतीच्या वाटेवर बॉवर्स रात्री तंबूची दोरी स्वतःला बांधून झोपत.

आकार मुख्यतः तीन. घुमटाकार तंबू दोऱ्यांशिवायही उभा राहतो, त्यामुळे जिथे खुंटी ठोकायला जागाच नाही अशा खडकाळ किंवा बर्फाच्या कपारीवर तोच कामाचा. बोगद्यासारखा तंबू, म्हणजे टनेल, त्याच वजनात जास्त जागा देतो आणि एक टोक वाऱ्याच्या दिशेने ठेवले तर उत्तम टिकतो. मात्र दोन्ही टोके ताणून बांधल्याशिवाय तो उभाच राहत नाही, आणि वारा फिरून आडव्या अंगावर आला की पोल आत दबतात. तिसरा पिरॅमिड. तो सर्वांत हलका, पण बहुधा जमिनीविना येतो आणि त्याच्या कडा बर्फात गाडून बसवाव्या लागतात. दोघांच्या शिखर चढाईसाठी छोटा घुमट आणि बर्फाच्या पठारावरून लांब पल्ल्याच्या वाटचालीसाठी टनेल, अशी ढोबळ विभागणी अनुभवी लोक करतात, आणि ती योग्यच आहे.

बर्फाचे वजन पुष्कळजण हिशेबातच धरत नाहीत. छताच्या तीन चौरस मीटरवर 20 सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ साचला तर ओझे 30 ते 60 किलो होते. वाऱ्याने दाबून बसवलेला तेवढाच बर्फ 180 किलोंपर्यंत जातो. म्हणून भिंती उताराच्या हव्यात, आणि बर्फ पडत असेल तर रात्री दर दोन-तीन तासांनी कुणीतरी उठून छत झटकायला हवे. आतून तळव्याने थोपटले की बर्फ सळसळत खाली येतो. मग बाहेर जाऊन पायथ्याशी जमलेला ढीग फावड्याने ओढायचा. हे काम न करणाऱ्यांसाठी कोणताही तंबू पुरेसा भक्कम नाही.

सोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या बर्फात लोण्यातल्या सुरीसारख्या निघून येतात. जाणती मंडळी कापडी पिशवीत बर्फ भरतात, तिला दोरी बांधतात, आडवा खड्डा खणून ती पिशवी पुरतात आणि वरून पायाने घट्ट दाबतात. अर्ध्या तासात बर्फाचे कण एकमेकांना धरतात आणि पिशवी हलवता हलत नाही. सकाळी ती फोडून काढायला कुऱ्हाड लागते, म्हणून दोरीची गाठ वर, हाताला येईल अशी ठेवतात. याच कामासाठी स्की, आइस अ‍ॅक्स, अगदी काठीसुद्धा आडवी पुरता येते.

तंबू कुठे लावायचा हा प्रश्न तंबू कोणता घ्यायचा याहून मोठा आहे. उरल पर्वतात 1 फेब्रुवारी 1959 च्या रात्री द्यात्लोव्ह या रशियन तरुणाच्या गिर्यारोहक तुकडीने उघड्या उतारावर बर्फ कापून सपाटी केली आणि तंबू लावला. त्या रात्री तंबू आतून कापून सगळे बाहेर पडले आणि नऊच्या नऊ जण मरण पावले. उतार कापल्याने आणि वरून वाऱ्याने बर्फ साचत गेल्याने काही तासांनी बर्फाची लादी सुटली असावी, असे स्पष्टीकरण दोन संशोधकांनी 2021 मध्ये मांडले. त्यावर वाद आहे. पण साचत्या बर्फाखालचा उतार तंबूसाठी कापू नये हा धडा त्या वादावर अवलंबून नाही.

वाफ आणि हवा

कडाक्याच्या थंडीत श्वासातली वाफ थेट कापडावर गोठते. पहाटे कुणी कूस बदलली, भिंतीला खांदा लागला, की छतावरचा पांढरा थर पिठासारखा चेहऱ्यावर भुरभुरतो. स्लीपिंग बॅगवर पडून तो विरघळतो आणि पिसांची बॅग ओली होऊन चपटी पडते. ओली बॅग म्हणजे पुढची रात्र धोक्याची.

दुपदरी तंबूत ही वाफ आतल्या कापडातून पार जाऊन बाहेरच्या पदरावर गोठते आणि माणसे कोरडी राहतात. आतला पदर जाळीचा नसून घट्ट विणीच्या कापडाचा हवा, कारण वाऱ्याबरोबर येणारा पिठूळ बर्फ जाळीतून सहज आत येतो. एकपदरी तंबू किलो-दीड किलोने हलका पडतो, पण कोरड्या, अतिथंड उंचीवरच तो शोभतो. शून्य अंशाच्या आसपासच्या ओल्या थंडीत त्याच्या भिंती आतून निथळतात. त्यामुळे एक-दोन रात्रींच्या शिखर चढाईसाठी एकपदरी आणि आठवडाभराच्या मुक्कामासाठी दुपदरी हे मत इथे ठामपणे नोंदवावेसे वाटते.

हवेची खिडकी छताजवळ हवी आणि ती बर्फाने बुजता कामा नये. 1930–31 च्या हिवाळ्यात ऑगस्टीन कोर्टोल्ड हा तरुण ग्रीनलंडच्या हिमपठारावर हवामानाच्या नोंदींसाठी दुपदरी घुमटाकार तंबूत एकटा राहिला. येण्याजाण्याचे भुयार बर्फाने बंद झाले आणि अखेरचे काही आठवडे तो आत कोंडला गेला. मे 1931 मध्ये सहकारी पोहोचले तेव्हा वर फक्त झेंड्याची चिंधी आणि तंबूतून वर काढलेल्या हवेच्या नळीचे टोक दिसत होते. त्या नळीतून हाक मारली तेव्हा आतून उत्तर आले.

बंद तंबूत स्टोव्ह पेटवणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. त्याने डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि उंचीचा त्रास झाला तरी हेच होते. त्यामुळे विषबाधा झालेला माणूस ‘अल्टिट्यूड लागलंय’ म्हणत तिथेच पडून राहतो. बर्फ वितळवून पाणी करावेच लागते, म्हणून दारापुढची कापडी ओसरी, जिला वेस्टिब्यूल म्हणतात, हिवाळी तंबूला अत्यावश्यक मानावी. तिच्या वजनावर काटकसर करू नये. ओसरीत गुडघाभर खड्डा खणला की पाय सोडून बसता येते आणि जड, थंड हवाही तिथे उतरते. बूट मात्र आतच घ्यावेत. 29 मे 1953 च्या पहाटे सुमारे 8,500 मीटरवरच्या तंबूत एडमंड हिलरींचे बूट गोठून दगड झाले होते, आणि ते स्टोव्हवर शेकून पायांत घालेपर्यंत त्यांना आणि तेनझिंग यांना खोळंबावे लागले.

कापड, पोल, वजन

नायलॉन मजबूत पण ओले झाले की सैल पडते, पॉलिएस्टर कमी ताणते आणि उंचीवरच्या तीव्र उन्हात जास्त टिकते. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेले नायलॉन वजनाच्या मानाने फाटायला सर्वांत चिवट. पोल अ‍ॅल्युमिनियमचेच घ्यावेत. कार्बनचे हलके असले तरी मोडले की चिरफळ्या होऊन कापडच फाडतात. मोडलेल्या पोलवर चढवायची वीतभर नळी सॅकमध्ये असू द्यावी.

लेबलवरचे वजन दोन प्रकारचे असते. किमान वजनात फक्त पदर आणि पोल धरलेले असतात. खुंट्या, दोऱ्या, पिशव्या मिळून होणारे एकूण वजन त्याहून बरेच अधिक, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात गोठलेल्या दवाचीही भर पडते. ‘दोघांचा’ म्हणून विकलेला तंबू जाड स्लीपिंग बॅगा घेतलेल्या दोघांना अंगाला अंग लावूनच पुरतो. माझा सल्ला असा, की माणशी वजन काढावे. तिघांत चार किलोंचा भक्कम तंबू वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा किलोच्या आसपास येते, आणि एकट्यासाठी इतका हलका, तरीही भरवशाचा हिवाळी तंबू मिळणे अवघड.

महाराष्ट्रातील गिर्यारोहकांसाठी

सह्याद्रीत या तंबूची गरज नाही. हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईच्या परिसरात डिसेंबरात थंडी बोचते, कोकणकड्यावर वारा झोंबतो, पण खरा त्रास दवाचा. तिथे जाळीचा आणि हवेशीर दुपदरी तंबू सोयीचा. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला मुंबई-पुण्याहून मोठ्या संख्येने लोक जातात, मात्र तिथे तंबू बहुतेक वेळा आयोजकच लावून ठेवतात. स्वतः निवड करण्याची वेळ येते ती हिमालयात छोट्या गटाने, स्वतःच्या पाठीवर सामान घेऊन चढताना. अशा मोहिमेआधी हातमोजे घालून, अंधारात, घराच्या गच्चीवर तंबू चार वेळा उभा करून पाहावा. मोजे काढावे लागले तर ती बकले किंवा त्या गाठी बदलून घ्याव्यात.

आपल्या हवामानात तंबू डोंगरावर जितका झिजतो त्याहून अधिक माळ्यावर खराब होतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विघटित होतो. कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा पिशवीत आवळून ठेवलेला तंबू उघडला की आंबूस वास येतो आणि कापड बोटांना चिकटते. सिलिकॉनच्या लेपाला हा रोग जडत नाही. कोणताही लेप असला तरी परतल्यावर तंबू सावलीत दोन दिवस वाळवावा, पोल पुसावेत आणि कापड घडी न घालता सुती अभ्र्यात सैल भरून ठेवावे.