रॅम ३२ जीबी, पण क्वेरीच्या वाट्याला ४ एमबी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक वाढली की लातूरच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानांतून एकच ओरड ऐकू येते, रिपोर्ट उघडंना, सॉफ्टवेअर लटकलंय. मग कुणीतरी म्हणतंच की रॅम वाढवा. वाढवतात बी. ८ ची ३२ जीबी होते आणि गावनिहाय खरेदीचा रिपोर्ट मात्र पहिल्याएवढाच टाइम खातो, कारण डेटाबेसला कुणी सांगितलंच नसतं की बाबा आता जास्त वापर.

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. त्यात वर्क मेम नावाची एक सेटिंग असते, तिचा मुळातला आकडा ४ एमबी. डेटा क्रमानं लावायचा असंल, म्हणजे सॉर्ट करायचा असंल, तर ४ एमबीत जेवढं मावतं तेवढं मेमरीत, बाकीचं डिस्कवर टेंपररी फाइलमध्ये. मशीनमध्ये किती जीबी मोकळी पडलीय याच्याशी त्याला काही घेणं नाही.

मग सरळ २५६ एमबी करून टाकू की! इथंच गाडी घसरते. ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरला नसते, एका क्वेरीलाही, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नालाही, नसते, ती क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला, म्हणजे पटकन शोधायला मेमरीत बांधलेल्या कोष्टकाला, वेगवेगळी लागते, आणि हॅशला तर पोस्टग्रेस १५ पासून मुळातच दुप्पट सूट आहे. आता मोंढ्यातल्या २० जणांनी एकदम रिपोर्ट मारला, प्रत्येकात दोन सॉर्ट, तर २० गुणिले २ गुणिले २५६, म्हणजे १० जीबी. मशीन ८ जीबीचं असंल तर लिनक्स हात वर करतो आणि त्याचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एखादी जाडजूड प्रोसेस बघून मारून टाकतो. ती पोस्टग्रेसची निघाली की सामायिक मेमरी बिघडली असंल या भीतीनं पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनंही तोडून नव्यानं उठतो, आणि वीसच्या वीस जणांना स्क्रीनवर दिसतं, डेटाबेस रिकव्हरी मोडमध्ये आहे. हळू चालणारा रिपोर्ट परवडला, हे नाही.

डिस्कवर जाणं म्हणजे काहीतरी बिघडलं असं बऱ्याच जणांना वाटतं, मला ते पटत नाही. मुनीमाला ढीगभर पावत्या गावाच्या नावानं लावायच्यात पण टेबलावर ५० च मावतात असं समजा. तो पन्नास-पन्नासचे लावलेले गठ्ठे बाजूला ठेवंल, मग प्रत्येक गठ्ठ्याची फक्त वरची पावती बघत जाईल, त्यातली सगळ्यात आधी येणारी उचलायची, त्या गठ्ठ्यातली पुढची वर येते, परत तेच. एवढ्याशा टेबलावर कितीही पावत्या लागतात. याला एक्स्टर्नल मर्ज म्हणतात, आणि क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन ॲनलाइझ लिहून चालवली तर 'सॉर्ट मेथड' या ओळीत हेच नाव आणि डिस्कवर किती केबी गेले ते छापून येतं. मेमरीत झालं असंल तर तिथं क्विकसॉर्ट दिसतं. आणि फक्त पहिले दहाच हवे असतील, म्हणजे लिमिट १०, तर डेटाबेस सगळं लावतच बसत नाही, दहा जणांचीच यादी हाताशी ठेवून येणारा प्रत्येक जण त्यात बसतो का तेवढं बघतो, मग ४ एमबी बी लई होते.

हॅश जॉइनचं वेगळं. शेतकऱ्यांचं टेबल आणि पट्ट्यांचं टेबल जोडायचंय, तर एका टेबलाचा हॅश मेमरीत बांधायचा आणि दुसऱ्यातली एकेक ओळ त्यात शोधायची. मावंना तर दोन्ही टेबलांच्या ओळी एकाच हिशोबानं बॅचमध्ये वाटायच्या, म्हणजे एका शेतकऱ्याचं जे काही असंल ते एकाच नंबरच्या बॅचमध्ये येतं, आणि बॅच एकेक करून सोडवायच्या. ही युक्ती १९८३ च्या सुमारास टोकियो विद्यापीठातल्या ग्रेस नावाच्या डेटाबेस मशीनच्या कामातून आली, म्हणून अजूनही ग्रेस हॅश जॉइन म्हणतात.

आता खरी गोम. कुठली पद्धत वापरायची हे डेटाबेसमधला प्लॅनर नावाचा भाग क्वेरी चालायच्या आधी ठरवतो, आणि ठरवतो अंदाजावर. १९७९ मध्ये आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमधून पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी सिस्टीम आर या डेटाबेसचा पेपर काढला, खर्चाचा अंदाज बांधून प्लॅन निवडायची रीत तिथून रुळली. त्यात एक गृहीत होतं, दोन अटी 'अँड'नं जोडल्या तर त्यांचं प्रमाण एकमेकांशी गुणायचं, जणू एकीचा दुसरीशी काही संबंधच नाही. ते गृहीत आजही चालू आहे.

समजा टेबलात मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांच्या मिळून ८० लाख ओळी आहेत, सगळ्या जिल्ह्यांच्या सारख्या, आणि औसा तालुक्याच्या १ लाख. तुम्ही विचारलं, जिल्हा लातूर आणि तालुका औसा. आपल्याला माहितीय औसा लातुरातच आहे, म्हणजे उत्तर १ लाख. प्लॅनरला ते कुठून माहीत, तो म्हणतो औशाच्या १ लाखातले आठवा हिस्सा लातूरचे, १२,५०० झाले. एक ओळ १०० बाइटची धरली तर सव्वा एमबी, हॅशच्या ८ एमबीत (४ ची दुप्पट) आरामात बसतंय. चालवताना येतात १ लाख, १० एमबीच्या वर, आणि मग बॅच वाढवावी लागते. प्लॅनमध्ये 'बॅचेस २' च्या शेजारी कंसात 'ओरिजिनली १' दिसलं तर ओळखायचं, अंदाज गंडलाय. पोस्टग्रेस १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स लिहून हे दोन कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत असं सांगता येतं. त्यानंतर ॲनलाइझ, म्हणजे आकडेवारी गोळा करायची आज्ञा, चालवायला विसरू नका, नुसतं लिहून काही होत नाही.

जॉइन निदान सावरून तरी घ्यायचा. ग्रुप बायच्या, म्हणजे गावनिहाय बेरजेसारखे गट पाडायच्या, हॅशचं २०२० पर्यंत लई अवघड होतं. मावंल असा अंदाज असला तरच प्लॅनर तो निवडायचा, पण एकदा निवडला की चालताना मर्यादा कुणी पाळत नव्हतं, गट वाढले तशी मेमरी वाढतच जायची. पोस्टग्रेस १३ पासून तोही डिस्कवर उतरतो. तरी एक जागा अजून अडते. जिथं हॅश बांधायचाय त्या टेबलात निम्म्या ओळी 'रोख' या एकाच खात्यावर टाकलेल्या असतील तर बॅच कितीही पाडा, त्या सगळ्या एकाच बॅचमध्ये पडतात. पोस्टग्रेसला ते कळतं, तो बॅच वाढवायचं सोडतो आणि मर्यादा ओलांडून पुढं जातो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची रीत उलटी. तो क्वेरी सुरू व्हायच्या आधीच अंदाजाएवढी मेमरी राखून देतो, नसंल तर रांगेत उभं करतो. अंदाज फुगला तर मेमरी रिकामी पडून आणि बाकीचे ताटकळत.

म्हणून मी सगळ्या सर्व्हरचा आकडा सहसा वाढवत नाही. वर्षअखेरचा जो एक जड रिपोर्ट आहे, त्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सेट लोकल वर्क मेम लिहायचं, तो संपला की आकडा आपोआप मूळ जागी. टेंपररी फाइलवरही मर्यादा घालून ठेवा, मुळात तिथं काहीच मर्यादा नसते आणि एखादा चुकीचा जॉइन रात्रीतून अख्खी डिस्क भरून टाकतो.