बुडबुडे मोजण्याआधीचा इतिहास: कॅल्शियम रिॲक्टर आला कुठून

रीफ टाकीच्या, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, खालच्या कपाटातला कॅल्शियम रिॲक्टर वरवर अगदी साधा दिसतो. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातला जो चुना खर्च करतात, तो दगड विरघळवून परत देणं हे त्याचं काम. पारदर्शक नळकांड्यात खडे, त्यांतून पाणी फिरवत ठेवणारा पंप आणि शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. टाकी सांभाळणाऱ्याची नजर मात्र दोनच गोष्टींवर असते. मिनिटाला किती बुडबुडे जातात आणि बाहेर पडणारी धार किती आहे. नावात कॅल्शियम असलेलं हे यंत्र जुळवताना जाणकार लोक कॅल्शियम क्वचितच मोजतात, मोजतात ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, जी मुख्यतः त्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे येते. असं का, याचं उत्तर यंत्रापेक्षा त्यामागच्या इतिहासात जास्त नीट सापडतं.

समुद्राचं पाणी कुठेही घ्या, खारेपणा कमी-जास्त असेल, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखंच असतं. रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये ही गोष्ट मांडली. पुढे १८७२ ते १८७६ या काळात एचएमएस चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने जगभरातून पाण्याचे नमुने आणले आणि विल्यम डिटमार यांनी त्यांतले ७७ तपासून हा नियम पक्का केला. त्यांना एक बारीक अपवादही दिसला, खोल पाण्यात कॅल्शियम किंचित जास्त होतं. वरून खाली पडणारे शंख-शिंपले आणि सूक्ष्मजीवांची कवचं त्या थंड, दाबाखालच्या आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्यात विरघळतात, म्हणून. रिॲक्टरचं सगळं रसायन एवढंच आहे. फक्त समुद्र ते काही हजार मीटर खाली करतो.

त्या काळी काचेच्या भांड्यात प्रवाळ ठेवणारी माणसंही होती. इंग्लंडमधल्या ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची. प्रवाळ त्यावर तगले. पण ते थंड पाण्यातले, हळू वाढणारे जीव होते आणि पाण्यातून उचलून उचलून कॅल्शियम उचलणार किती? पुढची शंभरेक वर्षं घरगुती टाक्यांत कॅल्शियमचा प्रश्न आला नाही. उष्ण प्रदेशातले दगडी प्रवाळ टाकीत वाढण्याइतके जगतच नव्हते, तिथे चुन्याची चिंता कोण करणार?

प्रश्न आला तो दिव्यांमुळे, असं माझं मत आहे. थॉमस गोरो यांनी १९५० च्या दशकात जमैकात किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून दाखवलं होतं की उजेडात प्रवाळ अंधारापेक्षा कितीतरी वेगाने सांगाडा बांधतात. त्यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला उजेड मिळाला की कामाला जोर येतो. १९८० च्या दशकात टाक्यांवर मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे आले, फेसातून घाण वेगळी काढणाऱ्या प्रोटीन स्किमरने पाणी स्वच्छ राहू लागलं आणि ॲक्रोपोरासारखे दगडी प्रवाळ नुसते जगले नाहीत, तर फांद्या फोडू लागले. बर्लिनच्या डिट्रिश स्ट्यूबर यांनी वाढवलेल्या ॲक्रोपोराचे तुकडे हौशी लोकांत हातोहात पसरले. एवढी वाढ झाल्यावर टाकीतलं पाणी पुरेनासं झालं.

हा हिशेब एकदा आकड्यांत मांडू. समुद्रात कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच असते. डीकेएच हे जर्मन कार्बोनेट कठिणतेचं एकक. या छंदाचं बरंच व्याकरण जर्मनीत घडलं, त्याची ही खूण. सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा दोन्ही घटक ठरलेल्या जोडीने पाण्यातून जातात: २.८ डीकेएच गेली की त्याबरोबर २० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. आता ४०० लिटरच्या टाकीत दिवसाला १.४ डीकेएच खर्च होते असं धरा. प्रवाळांनी त्या दिवशी सुमारे १० ग्रॅम दगड बांधला. अल्कलिनिटी ८ वरून ६.६ वर आली, हे साध्या चाचणी संचातही ठळक दिसतं. कॅल्शियम मात्र ४२० चं ४१० झालं आणि घरगुती संचाची चूकच सहज तेवढी असते. गळती एकच, पण एका मापात ओरडून सांगते आणि दुसऱ्यात कुजबुजतही नाही. म्हणून रिॲक्टर अल्कलिनिटीवर जुळवतात आणि कॅल्शियम अधूनमधून, खात्रीपुरतं बघतात.

भरपाईचा पहिला चांगला उपाय होता चुन्याची निवळी. पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात ती रूढ केली. युक्ती सुंदर होती. टाकीतलं पाणी रोज आटतं, त्याच्या जागी निवळी थेंब थेंब सोडायची, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नेमक्या जोडीने परत येतात आणि मागे नको असलेलं काही उरत नाही. अडचण प्रमाणाची होती. चुना पाण्यात फार विरघळत नाही, संपृक्त निवळीच्या लिटरमध्ये कॅल्शियम जेमतेम ८०० मिलिग्रॅम. वरच्या टाकीला रोज ४ ग्रॅम हवं, म्हणजे ५ लिटर निवळी. प्रवाळ दुप्पट झाले की १० लिटर लागणार, पण तेवढं पाणी आटायला तर हवं! शिवाय निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर टाकीत पांढरा गाळ उठतो आणि जीव दगावतात.

दुसरी वाट क्षार वेगवेगळे घालण्याची. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडियम बायकार्बोनेट. यात हवं तेवढं घालता येतं, पण सोडियम आणि क्लोराइड मागे साचत जातात आणि डिटमार यांनी मोजलेलं प्रमाण हळूहळू बिघडतं. हान्स-वेर्नर बालिंग यांच्या पद्धतीत म्हणूनच साधं मीठ वगळून उरलेल्या समुद्री क्षारांचं तिसरं मिश्रण असतं. ठरलेलं द्रावण आपोआप सोडणारे आजचे डोसिंग पंप याच घराण्यातले आणि लहान टाक्यांना तेच सोयीचे.

तिसरी वाट दगडाची. मोनॅकोत जाँ झोबेर यांनी ॲरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप) वाळूचा जाड थर देऊन पाहिला होता. त्या थराच्या आत जिवाणूंमुळे पीएच उतरतो आणि वाळू आपोआप थोडी थोडी विरघळते. पण तिथे वेग आपल्या हातात नसतो. विरघळणं वाळूतून काढून वेगळ्या नळकांड्यात नेणं आणि आम्ल म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरणं, ही पुढची पायरी होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती चढली गेली आणि त्या संदर्भात डसेलडॉर्फच्या ल्योबेके म्युझियम अँड ॲक्वाझूमधल्या रोल्फ हेबिंगहाउस यांचं नाव घेतलं जातं. लागणारे सुटे भाग तयारच होते. गोड्या पाण्यात वनस्पती वाढवणारे मत्स्यालयवाले आधीपासून सिलिंडर, वायू बारीक प्रमाणात सोडणारा नीडल व्हॉल्व्ह आणि बुडबुडे मोजायची काचेची कुपी वापरत होते. ती जुळणी उचलून खड्यांच्या नळकांड्याला लावायची, एवढंच उरलं होतं.

खडे म्हणजे मुख्यतः ॲरॅगोनाइट, बहुतेकदा जुन्या प्रवाळांचाच चुरा. त्यामुळे जे विरघळतं ते नव्या सांगाड्याला लागणाऱ्या प्रमाणातच असतं, स्ट्रॉन्शियमही सोबत येतं. मॅग्नेशियम तेवढं कमी पडतं म्हणून काहीजण डोलोमाइट हा मॅग्नेशियमयुक्त दगड मूठभर मिसळतात. मात्र हा दगड फक्त खर्च भरून काढतो. सुरुवातीलाच कॅल्शियम ३५० आणि अल्कलिनिटी ११ असेल, तर रिॲक्टर कितीही फिरवा, ती विसंगती तशीच राहणार. आधी क्षार घालून दोन्ही जागेवर आणायचे, मगच यंत्र जोडायचं. रिॲक्टर बिघडलाय अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एवढंच असतं.

जुळवणीत वायू आणि धार एकमेकांना बांधलेले असतात. धार वाढवली आणि वायू तोच ठेवला, तर आतला पीएच चढतो आणि पाणी पातळ येतं. वायू वाढवला तर पीएच उतरतो, दगड जास्त विरघळतो. ॲरॅगोनाइटसाठी आतला पीएच साधारण ६.५ ते ६.७ ठेवतात. त्याहून बराच खाली गेला की खड्यांच्या कडा मऊ पडतात, ते एकमेकांना चिकटतात आणि खाली राखाडी लगदा बसतो. मग पाणी एकाच वाटेने निसटतं, उरलेले खडे कोरड्या पाहुण्यासारखे बाजूला बसून राहतात. एका वेळी एकच बटण फिरवायचं आणि दिवसभर थांबायचं, हा रिवाज यातूनच पडला.

वरच्याच टाकीचा हिशेब पुढे नेऊ. बाहेर येणारं पाणी ३० डीकेएचचं आणि टाकी ८ ची, म्हणजे प्रत्येक लिटरमागे २२ ची कमाई. रोजची गरज ४०० गुणिले १.४, म्हणजे ५६०. भागाकार केला की दिवसाला साडेपंचवीस लिटर, मिनिटाला जवळपास १८ मिलिलिटर. सुरुवातीच्या यंत्रांत ही धार साध्या प्लास्टिकच्या कॉकने धरायचे. त्याच्या अरुंद फटीत चुना बसायचा, धार सकाळी एक आणि रात्री भलतीच. आज अनेकजण पेरिस्टाल्टिक पंप लावतात, तो नळी पिळून मोजकंच पाणी ढकलतो, आणि जुळवणीतली निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. वायूच्या बाजूने पीएच मोजणारा प्रोब आणि त्याच्या आकड्यानुसार नियंत्रक विजेवर उघडबंद करतो तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह आले. प्रोबचं मोजमाप सरकलं तर नियंत्रक चुकीच्या आकड्यावर इमानदारीने काम करत राहतो आणि व्हॉल्व्ह उघडा अडकला तर रातोरात टाकीचा पीएच घसरतो, म्हणून बुडबुड्यांची कुपी अजून कोणी काढून टाकलेली नाही.

उरलेल्या वायूचा प्रश्न पहिल्या दिवसापासून सोबत आहे. बाहेर येणाऱ्या पाण्यात न वापरलेला कार्बन डायऑक्साइड असतोच, तो टाकीचा पीएच, विशेषतः रात्री, खाली ओढतो. त्यासाठी पाणी खड्यांच्या दुसऱ्या नळकांड्यातून नेतात, म्हणजे उरलेलं आम्ल तिथे खर्ची पडतं. आणि अनेकजण रिॲक्टरच्या जोडीला रात्री पुन्हा चुन्याची निवळीच सोडतात. ती वायू शोषते, पीएच सावरते आणि वर थोडं कॅल्शियमही देते.